नसलेले शंभर

“पण मुद्दलच ठाऊक नाही, तर परत काय देणार, बाई?”

विश्वंभर मठाच्या पायरीवर उभा राहून विचारत होता. पाठशाळेत शिकून आलेला आप्पास्वामींचा शिष्य. थट्टेतसुद्धा खोटं बोलायचं नाही, असं त्याचं व्रत होतं. भेटेल त्याला तो ते सांगायचा.

खाली सगुणा उभी. तिच्या सासूबाईंनी मठात ठेव ठेवली होती. व्याजातून देवाच्या दिव्याला तेल, आणि अडीअडचणीला मुद्दल घरच्यांना परत, असा तिथला रिवाज. सासूबाई गेल्या. रक्कम कुणालाच सांगून गेल्या नाहीत. पावती आणि मठाची ठेवींची वही, दोन्ही पुरात वाहून गेली.

“लेकीच्या वसतिगृहाची फी उद्या भरायचीय, दादा. नाहीतर नर्सिंगची जागा जाते.”

“मग काय, अंदाजे देऊ? दुसऱ्या कुणाच्या ठेवीतलं तुम्हाला गेलं तर?”

“तसं मलाही नको.”



आत आप्पास्वामी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. तिथूनच म्हणाले, “ठाऊक काय आहे, तेवढं सांग, विश्वंभरा.”

“तेलाच्या हिशोबात एवढंच आहे, ह्या ठेवीचं पाच वर्षांत पंधराशे व्याज आलं. सगळं दिव्याच्या तेलात गेलं. दर साल दर शेकडा सहा. बस.”

“व्याजावर व्याज?”

“उरलंच नाही, तर चढणार कशावर?”

“मग सोपं आहे. मुद्दल शंभर धर.”

“पण शंभर नव्हतं ना, महाराज!”

“नव्हतंच. धर.”

“नाही ते आहे म्हणू? माझं व्रत...”

“व्रत त्या खुंटीला अडकव थोडा वेळ. बाईला गाडी गाठायचीय.”

सगुणाला हसू आलं. तिनं ते पदराआड केलं.

विश्वंभरनं कडू काढा प्यायल्यासारखं तोंड केलं. “बरं... शंभर.”

“शंभराला वर्षाचे सहा. पाच वर्षांत?”

“तीस.”

स्वामी उठून दाराशी आले. उंबऱ्यावर एक शेंगदाणा ठेवला.

“हा एक शंभर. ह्यानं तीस दिले. पंधराशे द्यायला असे किती लागतील? मांड.”

विश्वंभर दाणे मांडू लागला. दहा मांडले, तीनशे झाले. आणखी दहा. आणखी... पुढं पुढं त्याचा हात भराभर चालायला लागला. मग एकदम थांबला.

“पन्नास दाणे,” तो हळूच म्हणाला. “म्हणजे पाच हजार.”

“पाच हजार!” सगुणा पायरीवर बसलीच. “अहो, फी साडेचारच आहे!”

पैसे तिच्या हातात आले. ती पाया पडली तेव्हा स्वामींनी उंबऱ्यावरचे सगळे दाणे गोळा करून तिच्या ओंजळीत घातले.

“गाडीत खा. पोरीलाही ठेव चार.”

ती गेली. विश्वंभर रिकाम्या उंबऱ्याकडे बघत राहिला.

“महाराज... जे धरलं ते खोटं होतं. मग खरं आलं कुठून?”

स्वामी पुन्हा शेंगा सोलायला बसले. एक सोलली... दुसरी सोलली...

“तू इथं आलास त्या दिवशी मी तुला साधू धरलं, विश्वंभरा. गणित अजून चाललंय.”