घड्याळातला चंद्र आणि आंबाड्यातला आकडा

फार पूर्वी, खाडीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात कधीच न चुकणारा एक घड्याळजी राहत होता. कधीच न चुकणारा, असं तो स्वतःच सांगायचा, आणि इतक्या वेळा सांगायचा की गावालाही ते पाठ झालं होतं.

गावच्या चावडीत माणसाहून उंच असं लंबकाचं घड्याळ उभं होतं. घड्याळजीच्या आजोबांनी ते एका फुटलेल्या गलबतातून काढून आणलं होतं. त्याच्या तबकडीवर एक अर्धगोल खिडकी होती आणि खिडकीत, निळ्या चकतीवर, एक गुबगुबीत चंद्र रंगवलेला होता. तो रोज थोडा थोडा सरकायचा. अमावास्येला पितळी टेकडीआड दडायचा आणि पौर्णिमेला खिडकीच्या मधोमध येऊन हसायचा. खिडकीच्या कडेने तिथी लिहिलेल्या होत्या.

गावाचं सगळं त्या चंद्रावर चालायचं. उपास कधी करायचा, सण कधी करायचा, इतकंच काय, ओहोटीला खाडी पायी ओलांडायची ती किती वाजता, हेसुद्धा चंद्राची तिथी बघून ठरायचं. घड्याळ आलं तसे गावचे जोशी पंचांग काखोटीला मारून दुसऱ्या गावी निघून गेले. आभाळाकडे बघायची गावाची सवयही त्यांच्याबरोबर गेली.

घड्याळाची किल्ली घड्याळजीच्या कमरेला असायची. आजोबांनी ती घेताना शब्द दिला होता, की घड्याळ आमच्या हातून चुकलं, तर किल्ली त्याच दिवशी पाटलांना परत. तीन पिढ्यांत ती वेळ आली नव्हती. त्यामुळे घड्याळजीची मान इतकी ताठ झाली होती की देवळातही तो नुसते हात जोडायचा. डोक्यावरची पगडी हलू नये, एवढीच त्याला काळजी.

एकदा नवरात्राच्या आदल्या दिवशी घड्याळजीने चंद्राची चकती साफसफाईसाठी उतरवली आणि घरी आणली. त्या चकतीला बारीक दाते होते. सकाळी एक आणि संध्याकाळी एक असा दाता पुढे जायचा. त्याहून जास्त जाऊ नये म्हणून पोलादाची एक पातळ पट्टी दात्यांत अडकून बसायची. बोटाच्या पेराएवढी ती पट्टी. घड्याळजीने ती पुसली, हरवू नये म्हणून जपून ठेवली, आणि कुठे ठेवली ते साफ विसरला.

त्याने फडताळ उपसलं, अंथरूण झटकलं, तांदळाचा डबासुद्धा उलटा केला.

"काय शोधताय?" बायकोने विचारलं.

"काही नाही. एक पट्टी."

"डोक्यावर बघितलंत का?"

घड्याळजीला वाटलं, ही आपली थट्टा करते आहे. "घड्याळ मी जुळवतो की तू?" तो म्हणाला. बायको सांडलेले तांदूळ वेचू लागली.

चावडीत जाऊन "पट्टी हरवली, शहरातून दुसरी आणेपर्यंत चार दिवस चंद्र बंद राहील," एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. पण हरवली म्हणजे चूक, आणि चूक म्हणजे किल्ली गेली. तेवढ्यात त्याची नजर कोनाड्याकडे गेली. तिथे बायकोचा आंबाड्याला खोचायचा आकडा पडला होता. त्याने तो उचलला, पकडीने वाकवला, चावडीत जाऊन पट्टीच्या जागी बसवला आणि घड्याळाचं दार लावून टाकलं.

आता तो आकडा केस धरून ठेवण्यासाठी केलेला. चंद्र धरून ठेवायची त्याला सवय नव्हती. सकाळी तो एकच दाता जाऊ द्यायचा, पण संध्याकाळपर्यंत दमायचा आणि दोन दाते सोडून द्यायचा. झालं, चावडीतला चंद्र दीडपट वेगाने पळू लागला.

नवरात्राच्या सहाव्या दिवशी घड्याळात नवमी आली. गावातल्या बायकांनी आपापल्या घटावरच्या माळा मोजल्या. रोजची एक याप्रमाणे माळा सहाच भरत होत्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, मग चावडीकडे पाहिलं, आणि उरलेल्या तीन माळा एकदमच चढवून टाकल्या. दुसऱ्या दिवशी दसरा. घटातलं धान टोपीत खोचायचं, तर ते अजून दोन बोटांएवढंच उगवलेलं. ते टोपीत राहीना, सारखं गळून पडायचं. पाटील म्हणाले, "यंदा माती हलकी लागली." सगळ्यांनी मान डोलावली.

"अहो, माळा सहाच झाल्या," घड्याळजीची बायको म्हणाली.

"मोजायला चुकली असशील."

"रोज मीच ओवल्यात. आणि माझा आकडा कुठे दिसत नाही तो?"

"मला काय विचारतेस? मी आंबाडा घालतो का?" असं म्हणून घड्याळजी तडक बाहेर पडला. खरं तर त्याला सगळं कळून चुकलं होतं. पण चंद्र सावरायचा म्हणजे चारचौघांत घड्याळ उघडायचं, आणि चावडी तर दिवसभर माणसांनी भरलेली. उद्या बघू, असं तो रोज म्हणायचा आणि चंद्र रोज दीड दिवस पुढे जायचा.

दहाव्या दिवशी घड्याळात कोजागिरी आली. चावडीपुढे मोठ्या पातेल्यात दूध आटलं, केशर पडलं. दुधात चंद्र बघायचा आणि पहिला पेला घड्याळजीला द्यायचा, अशी गावाची रीत होती. त्यासाठी वर्षभरात पहिल्यांदाच सगळ्या गावाने एकदम माना वर केल्या.

पौर्णिमेचा चंद्र सूर्य बुडता बुडता पूर्वेला उगवतो. हा तर आधीच येऊन आभाळात उंच बसला होता. शिवाय तो गोल नव्हता. एका बाजूने त्याला कुणीतरी चावा घेतल्यासारखा दिसत होता.

पाटलांनी एकदा वर बघितलं, एकदा घड्याळाकडे बघितलं.

"काय हो घड्याळजी, घड्याळ चुकलं की चंद्र?"

घड्याळजीच्या तोंडाशी खरं आलं होतं. पण हाताला कमरेची किल्ली लागली आणि तोंडून भलतंच निघालं. "घड्याळ कसं चुकेल? चंद्रच मागे पडलाय."

गाव हसेल, असं त्याला वाटलं होतं. गाव हसलं नाही. गावाने विश्वास ठेवला. "बरोबर आहे," पाटील म्हणाले. "आपले घड्याळजी तीन पिढ्या एकसारखे आहेत. चंद्राचं तसं नाही, तो रोज बदलतो." मग सगळ्यांनी चंद्राकडे पाठ करून दूध प्यायलं. घड्याळजीने मात्र आपला पेला तसाच खाली ठेवला.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका खाडीपलीकडच्या देवीची ओटी भरायला जात. चावडीतल्या तिथीप्रमाणे ओहोटी सकाळी सातला होती. पण खरी तिथी होती एकादशी, आणि एकादशीला त्या वेळी भरती असते. पाटलांच्या मागोमाग बायका काठावर आल्या तेव्हा खाडी तुडुंब भरत चालली होती.

बायका थबकल्या. पाटलांनी कमरेवर हात ठेवून पाण्याकडे रागाने बघितलं. "घड्याळात ओहोटी आहे. हे पाणी चंद्राच्या नादाला लागलेलं दिसतंय. थोडं पुढे गेलं की उतरेल."

"मग मी जाते पुढे," घड्याळजीची बायको म्हणाली. तिने लुगडं वर खोचलं, ओटीचं ताट डोक्यावर घेतलं आणि पाण्यात उतरली. काठावर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळून तिने विचारलं, "घड्याळ बरोबर आहे ना?"

"आहे," घड्याळजी म्हणाला.

ती गुडघ्याएवढ्या पाण्यात गेली. "बरोबर आहे ना?"

घड्याळजीने कमरेची किल्ली घट्ट धरली.

ती कमरेएवढ्या पाण्यात गेली. पाण्याला ओढ होती. ताट डुगडुगलं, नारळ पाण्यात पडला आणि गावाच्या दिशेने वाहत निघाला. तिचे केस आकड्यावाचून सुटले आणि तोंडावर आले. ते बाजूला सारायला तिला हात मोकळा नव्हता. तरी तिने तिसऱ्यांदा विचारलं, "अहो, बरोबर आहे ना?" आणि पुढचं पाऊल उचललं.

"अगं थांब, परत फिर. घड्याळ चुकलंय. मीच चुकलोय." घड्याळजी पायातल्या वहाणांसकट पाण्यात धावला आणि दंडाला धरून तिला काठावर घेऊन आला. दोघंही नखशिखांत भिजली होती. त्याला वाटत होतं, किल्ली गेली तर आपलं काही उरणार नाही. आज काय जाणार होतं, ते त्याला आत्ता दिसलं, आणि सगळ्या गावासमोर त्याला रडू आलं.

त्याने पट्टीचं सांगितलं, आकड्याचं सांगितलं, सहा दिवसांच्या नवरात्राचं सांगितलं. मग कमरेची किल्ली सोडून त्याने पाटलांपुढे ठेवली आणि जन्मात पहिल्यांदा मान पार खाली घालून नमस्कार केला.

मान खाली गेली तशी पगडी सुटली आणि वाळूत उलटी पडली. तिच्या घडीतून काहीतरी चकाकतं बाहेर आलं. बोटाच्या पेराएवढी, पोलादाची पातळ पट्टी. हरवू नये म्हणून त्यानेच ती तिथे खोचली होती.

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं," बायको पदर पिळत म्हणाली. "डोक्यावर बघा म्हणून. तुम्ही काहीही जपून ठेवायचं म्हटलं की तिथेच खोचता."

त्या संध्याकाळी चावडीत गाव जमलं. घड्याळजी आधी अंगणात गेला, आभाळातला चंद्र नीट बघून आला आणि मगच त्याने आकडा काढून पट्टी बसवली. चंद्र पाच-साडेपाच दिवस पुढे गेला होता. पण ती चकती कधीच मागे फिरत नाही. मागे यायचं, तर पुढे पुढे जात अख्खा फेरा घालावा लागतो. घड्याळजीने बोटाने एकेक दाता सरकवायला सुरुवात केली. पोरं मोठ्याने मोजू लागली. चंद्र सगळ्यांदेखत टेकडीआड गेला, पुन्हा वर आला, आणि अठ्ठेचाळिसाव्या दात्याला एकादशीवर येऊन थांबला. घड्याळजीचे कान लाल झाले होते, पण त्याने एकही दाता चुकवला नाही.

राहिली किल्ली. पाटलांना तिचं काय करावं ते सुचेना, कारण घड्याळजीवाचून कुणाला घड्याळ उघडता येत नव्हतं. "माझा आकडा तुमच्या घड्याळात अकरा दिवस राबलाय," बायको म्हणाली. "किल्ली माझ्याकडे द्या." पाटलांनी दिली. तेव्हापासून किल्ली सांभाळायला घड्याळजीची बायको आणि ती फिरवायला घड्याळजी, अशी वाटणी झाली. तो किल्ली मागायला आला की ती आधी विचारायची, "आभाळात बघून आलात का?" तो बघून आलेला असला, तरी पुन्हा एकदा जाऊन बघायचा.

चार दिवसांनी खरी कोजागिरी झाली. पहिला पेला घड्याळजीच्या बायकोला मिळाला. घड्याळजी रांगेत शेवटी उभा होता, आणि त्याच्या पेल्यातला चंद्र अगदी गोल होता. दसरा पुन्हा करायचा की नाही, यावर मात्र त्या गावात अजून वाद चालू आहे.

आता गोष्टीचं तात्पर्य: चूक झाली त्याच दिवशी कबूल केली, तर ती बोटाच्या पेराएवढीच असते. ताठ मानेने दडवत बसलं, तर आपल्याच माणसाच्या कमरेपर्यंत पाणी येतं.