दहाचा हातचा, चोवीसाचा हात

भाद्रपद पंचमी, सूर्य कासराभर वर आलेला. कोण्या एका काळी, कोण्या एका राज्यात, नदीवरचा नवा बांध या वेळी आधी ओसंडला आणि मग फुटला. खालच्या वस्तीतली एकतीस घरे वाहून गेली. दरबारातल्या भाटांनी याला दैव म्हटले. खरे तर एक बेरीज चुकली होती.

नदी पुरात साडेसात हातांवर चढते, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून बांध आठ हात हवा, असा राजाचा हुकूम होता. पाथरवटांनी सारखे तीन थर रचले. प्रत्येक थर दोन हात आठ अंगुळे. उंची लिहून द्यायला राजधानीतून मोजणीदार आला. गावची शाळा, नगरीची शाळा आणि राजधानीचे विद्यापीठ, तिन्हीकडे तो पहिला आलेला.

त्याने पाटीवर मांडले. आठ त्रिक चोवीस, चोवीसातले चार, हातचे दोन. बे त्रिक सहा, सहा आणि दोन आठ. बांध आठ हात चार अंगुळे.

ठकू पाथरवटीण तिथेच दगड घडवत होती. तिचे घर बांधाच्या खालीच होते. तिने भिंतीला आपला हात लावून पाहिला आणि सात भरले म्हणाली.

"तुझा हात आखूड असेल," मोजणीदार हसला.

"मग तुमचा लावा."

त्याने लावला नाही. हिशेब पाटीवर झाला होता.

ठकूने पाटीकडे पाहिले. "अहो मोजणीदार, चोवीस अंगुळांचा एक हात होतो. तुम्ही दहाव्या अंगुळालाच हात केलात."

"दहा झाले की हातचा एक. नियम आहे."

"का पण?"

हाच प्रश्न त्याने स्वतः तीनदा विचारला होता. गावच्या पंतोजींनी सांगितले होते, पाठ कर, नगरीच्या शाळेत कळेल. नगरीचे शास्त्री म्हणाले, विद्यापीठात कळेल. विद्यापीठाचे आचार्य म्हणाले, हे तर तू खालीच शिकून यायला हवे होतेस. दहा एककांचा एक दशक होतो, म्हणून दहाला हातचा. अंगुळांचा हात चोवीसाला भरतो, म्हणून तिथे हातचा चोवीसाला. हे एक वाक्य त्याला कोणीच दिले नव्हते. मग जे मिळाले होते, तेच त्याने पुढे दिले.

"ते वरच्या लोकांना कळतं, बाई."

वरच्या लोकांनी अक्षर पाहिले, पहिला क्रमांक पाहिला आणि शिक्का मारला. पंचमीला पाणी साडेसात हातांवर आले. बांध सात हात होता. ठकूने पोरांना आधीच टेकडीवर नेऊन ठेवले होते. घर नेता येत नाही.

चौकशी झाली. पंतोजी म्हणाले, सहा वर्षांच्या मुलांना कारण झेपत नाही, आधी हात बसावा लागतो. शास्त्री म्हणाले, नेमलेले धडे संपवता संपवता वर्ष सरते. आचार्य म्हणाले, आम्ही ग्रहांच्या गती शिकवतो, हातचा ही बालवर्गाची बाब. तिघांचेही म्हणणे राजाला पटले. मोजणीदाराची पगडी काढून घेतली गेली.

पुढच्या सोमवारी तिन्ही शाळा वेळेवर भरल्या. गावच्या शाळेत एका मुलीने विचारले, "गुरुजी, दहालाच हातचा का?" पंतोजींनी तिला खाली बसवले आणि वरच्या शाळेत कळेल म्हणून सांगितले.

बोध एवढाच, की हातचे राखून शिकवलेली विद्या ऐन वेळी हात देत नाही.

चौकशीच्या कागदावर तिन्ही गुरूंच्या सह्या आहेत. हातच्यामागचे कारण नेमके कोणत्या वर्गात सांगायचे होते, त्यापुढची जागा अजून कोरी आहे.