चौकटीवरचा हात

"भांडायला आलात, तर लाडू कशाला?"

उस्ताद डब्याकडे बघत म्हणाले.

प्रश्न बरोबर होता. माझ्याइतकी वेडी बाई अख्ख्या कराडात दुसरी नसेल. घाट उतरेपर्यंत मी या माणसाला काय काय सुनवायचं ते पाठ करत होते. आणि आदल्या दिवशी त्याच्यासाठीच कढई घेऊन बसले होते, बेसन भाजत. कुणाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं?

"शंतनू रजेवरून परत जाताना न्यायचा ना तुमच्यासाठी," मी म्हटलं. "सवयीने झालं."

शंतनू माझा मुलगा. एकुलता. नेव्हीत होता. हेलिकॉप्टरमधून दोराने खाली उतरायचं आणि बुडत्या माणसाला वर घ्यायचं, हे त्याचं काम. मागच्या वर्षी ते हेलिकॉप्टरच समुद्रात पडलं. पायलट पुढच्या दाराने निघाले. मागे तिघं होते. त्यातले दोघं वाचले.

उस्तादांचं नाव वासुदेव मोंडकर. हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर आतून बाहेर कसं यायचं, हे ते या पोरांना शिकवायचे. शंतनूची बातमी आली त्याच महिन्यात नोकरी सोडून इथे येऊन राहिले, वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या एका वाडीत. गावातले लोक म्हणतात, आमच्या पोरांना पोहायला तरी शिकवा. उस्ताद सगळ्यांना परत पाठवतात.

"साहेब नाही आले?"

"आलेत. गाडीत आहेत. उतरत नाहीत म्हणाले."

बाहेर बांधाजवळ आमची गाडी उभी होती. हे स्टिअरिंगमागे, सीटबेल्टसुद्धा न काढता. घरीसुद्धा हल्ली असेच बसतात. कुठेतरी निघाल्यासारखे.

"चहाला बोलवा त्यांना."

"नाही येणार."

"बरं," उस्ताद म्हणाले. "भांडा मग."

झालं. पाठ केलेलं सगळं गेलं. शाळेतसुद्धा माझं असंच व्हायचं.

"वाचलेल्यांतला एक घरी आला होता," मी म्हटलं. "त्याने सांगितलं, शंतनू सापडला तेव्हा त्याचा सीटचा पट्टा सुटलेला होता. एक हात खिडकीच्या चौकटीवर होता. इतका घट्ट की बोटं सोडवावी लागली."

"हो."

"म्हणजे खिडकी सापडली होती त्याला."

"सापडली होती."

"पट्टा सुटला, खिडकी सापडली... मग बाहेर का नाही आला? तुम्हीच सांगायचात ना पोरांना, काय वाटेल ते झालं तरी चौकट सोडायची नाही?"

"सांगायचो. हात सुटला की वाट हरवते."

"सोडायची कधी, ते शिकवायचं राहिलं का?"



बाहेर समुद्राचा आवाज येत होता. मला तो चढाला लागलेल्या ट्रकसारखा वाटतो. समुद्र आम्हाला सहलीपुरता माहीत.

"दुसरा हात?" उस्तादांनी विचारलं.

"अं?"

"एक हात चौकटीवर. दुसरा कुठे होता, ते सांगितलं का त्या पोराने?"

"नाही... तिथवर आला आणि रडायलाच लागला. मग मी पोहे केले त्याला."

उस्ताद उठले.

"पोहता येतं?"

"मला? अहो, मी न्हाणीघरातल्या बादलीला घाबरते."

"काही बिघडत नाही. इथे या."

त्यांनी मला खोलीच्या पार आतल्या कोपऱ्यात स्टुलावर बसवलं. समोरची खिडकी दाखवली. "ती बाहेर जायची वाट. बघून ठेवा."

मग खांद्यावरचा पंचा काढून माझे डोळे बांधले.

"आमच्याकडे हेलिकॉप्टरचा सांगाडा होता," ते मागून बोलत होते. "त्यात पोरांना पट्ट्याने बांधायचो. सांगाडा पाण्यात सोडायचो, उलटा करायचो, दिवे घालवायचो. उलटं झालं की खाली-वर कळत नाही. खिडकी उजवीकडे होती का डावीकडे, तेही कळत नाही. उठा."

मी उठले. त्यांनी माझे खांदे धरून मला गरागरा फिरवलं. आंधळी कोशिंबीर! या वयात, परक्याच्या घरात, ज्याच्याशी भांडायला आले त्याच्यासमोर. मला हसूच आलं.

"श्वास धरा. शोधा खिडकी."

मी हात पसरून निघाले. पहिल्यांदा भिंत लागली. मग खाट. मग काहीतरी पत्र्याचं खाली पडलं आणि घरंगळत गेलं. लाडवांचा डबा. मी वळले. पुन्हा भिंत, पण कुठली? छातीत दुखायला लागलं.

"नाही सापडत हो!"

"बुडलात," उस्ताद म्हणाले. "पुन्हा."

पुन्हा फिरवलं. पुन्हा श्वास. या वेळी मला हसू आलं नाही. खाट लागली, भिंत लागली. कानात ठोके वाजत होते. आता सोडते श्वास, आता सोडते, असं म्हणताना बोटांना काहीतरी कोमट लागलं.

हात होता.

माणसाचा हात, माझ्या दिशेने लांब केलेला. मी तो धरला. मनगट, कोपर, खांदा. दुसरा खांदा. दुसरं कोपर. मग मूठ, आणि मुठीत लाकूड.

चौकट.

मी पंचा ओढून काढला. उस्ताद खिडकीला लागून उभे होते. एक हात चौकटीवर. दुसरा आत, अंधारात पसरल्यासारखा.

ते बाजूला झाले. मी चौकट धरून उभी राहिले.



"हे तुम्ही शिकवलंत त्याला?"

"नाही. मी उलटं शिकवलं. खिडकी मिळाली की बाहेर. मागे बघायचं नाही. थांबणारा वाट अडवतो."

"मग त्याला कळलं नव्हतं का?"

"घडाघडा म्हणायचा नियम. झोपेतून उठवला तरी म्हणाला असता. आणि पाण्यात घातला की सगळ्यांत शेवटी वर यायचा. बाकीचे आले की मग. दोनदा नापास केला मी."

"आणि मग?"

"तिसऱ्यांदा बरोबर आला. खिडकी धरली, पट्टा सोडला, बाहेर. सगळ्या तुकडीत इतका चटकन कोणी आला नव्हता. पास केला."

"सुधारला?"

उस्ताद खाली बसून लाडू गोळा करायला लागले. एकेक उचलून फुंकर मारून डब्यात ठेवत होते.

"त्या खेपेला मी त्याला एकट्यालाच बसवला होता."

खाटेखाली गेलेला लाडू त्यांनी हात घालून काढला.

"चांगला पोरगा. वाया जायला नको, असं वाटलं," ते म्हणाले. "वर आला तो हसतच. म्हणाला, उस्ताद, ही काय परीक्षा झाली?"

"नापासच ठेवायचा होता."

"हो."

"कुठल्यातरी ऑफिसात बसवला असता त्याला. पंख्याखाली."

"हो."

"आज असता."

"असता."

मग ते दोघं नसते. हे उस्ताद म्हणाले नाहीत. मीही म्हटलं नाही. पण खरं सांगायचं तर, मी तिथे उभ्या उभ्या त्या दोघांना परत पाण्यात ढकललं. त्यातल्या एकाला मी स्वतः पोहे खायला घातले होते. वर शेव घातली होती. तरी ढकललं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, शंतनू बघतोय. आता परत उतरेल त्यांच्यासाठी.

कशालाच काही अर्थ नव्हता. भांडायलासुद्धा कोणी उरलं नव्हतं. हा समोरचा म्हातारा तर माझ्यापेक्षा आधीच स्वतःशी भांडून मोकळा झालेला. मोकळा तरी कुठला...

"तुम्ही काय करता दिवसभर?" मी विचारलं.

"काही नाही."

"मीही."

डबा भरला. उस्तादांनी झाकण लावलं. चेमटलं होतं, नीट बसेना. त्यांनी दोनदा दाबलं आणि तसाच ठेवून दिला.

माझा हात अजून चौकटीवरच होता. लाकूड खाऱ्या हवेने ओलसर झालेलं. बोटं आखडली होती, मला ती माझी वाटत नव्हती. खिडकीतून बांध दिसत होता. गाडी होती तिथेच होती. काच वर, पट्टा अजून लावलेला, हे सरळ समोर बघत.

"उस्ताद," मी म्हटलं, "आता सोडू का हात?"

उस्तादांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पंचा झटकून खांद्यावर टाकला.

"मागे कोणी आहे का?"