लाल चिंधी

वेली अजून बोलायच्या तेव्हाची गोष्ट. भोगीच्या भाजीसाठी भागाक्कानं परसातल्या मटारच्या सगळ्या शेंगा तोडून ओच्यात घेतल्या. एका टपोऱ्या शेंगेला मात्र लाल चिंधी बांधून तिनं वेलीवरच ठेवलं.

"आई, माझंच काय चुकलं?" शेंगेनं विचारलं.

"काही नाही गं. तुला बियाण्याला राखलंय," वेल म्हणाली.

शेंगेला ते पटलं नाही. बहिणींसाठी झुरत झुरत ती वाळून खडखडीत झाली.

दसऱ्यानंतर भागाक्कानं तिचे दाणे पेरले. ती स्वतःच वेल होऊन उगवली, शेंगांनी लगडली. अगदी बहिणींचेच चेहरे! ती डोळे भरून बघतच राहिली.

भोगी आली. ओचा भरला. एकच लेक उरली, चिंधी बांधलेली.

"आई, माझंच काय चुकलं?"

उत्तर वेलीला ठाऊक होतं. ते पटणार नाही, हेही ठाऊक होतं. तिनं लेकीला नुसतं जवळ ओढलं.