मनगटावरचे दोरे

एका राज्यात एक नियम होता. वडीलधाऱ्यांनी कामाचा दोरा पुढे केला की धाकट्याने मान खाली घालून हात पुढे करायचा. काम कोणाचे, आधीचे दोरे किती, हे विचारायचे नाही. का विचारायचे नाही, हे तर मुळीच विचारायचे नाही.

काम पुरे झाले की दोरा आपोआप गळून पडे. पण एक गळेपर्यंत चार नवे बांधले जात. दोरे कोपरापर्यंत चढले की हात दगडाचा होऊ लागे, आणि दगड खांद्याला भिडला की माणूस उभ्या जागी पुतळा होई. असे पुतळे राज्यात ठायी ठायी होते. वडीलधारे त्यांना हार घालीत.

सर्वांत मोठा हार राजवाड्याच्या चौकात पडे. तिथे राणी हंसावती उभी होती, मान खाली, उजवा हात पुढे. राजा तरुणपणीच लढाईत पडला होता. राज्य त्याचे वडील, आजोबामहाराज, चालवीत. म्हणजे आज्ञा ते देत आणि राबे हंसावती. ती पुतळा झाल्यावर ते बोट दाखवून सांगत, हिने कधी नाही म्हटले नाही. ज्या मुलीला हे रोज ऐकावे लागे ती हंसावतीची लेक, सुरंगी.

सुरंगीचे दोरे कोपरापर्यंत आले होते. हत्तींची औषधे, कोठाराची राखण, परराज्यांच्या वकिलांना उत्तरे, राजगुरूंच्या तुटलेल्या जपमाळा. सकाळी ती निश्चयाने उठे, हाताकडे पाही, आणि कोणत्या दोऱ्यापासून सुरुवात करावी हे तिला कळत नसे. मग ती पुसलेलीच समई पुन्हा पुशी, विंचरलेले केस पुन्हा विंचरी, शेला उलगडून परत घडी घाली. दिवस मावळे आणि एकही दोरा गळत नसे. राजगुरू म्हणत, आमच्या वेळी असा आळस नव्हता. एकदा तर त्यांनी आळस झटकण्याचाही एक दोरा तिच्या हाताला बांधला.

तिची दोन बोटे दगडाची झाली तेव्हा वडीलधाऱ्यांची सभा भरली. हा डोंगरापलीकडच्या शंबल मांत्रिकाचा शाप आहे, असे ठरले. तो सोडवायला कोणी जायचे, हेही ठरले. त्याचा दोरा सुरंगीच्याच हाताला बांधला.

ती संतापाने पाय आपटीत निघाली. वेशीवर एक साळुंकी उडत आली आणि तिच्या दगडी बोटांवर बसली. "बसायला बरी जागा आहे," साळुंकी म्हणाली.

शंबल आपल्या गुहेच्या तोंडाशी कणीस भाजत होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि कणीस फिरवले. "शाप माझा नाही. तुमच्या राज्याला शाप द्यायला बाहेरचा माणूस लागत नाही. सुटका हवी असेल तर तीन कामे कर."

आणखी तीन! सुरंगीचे डोळे भरून आले. तरी सवयीने तिची मान खाली गेली आणि हात पुढे झाला. शंबल त्या हाताकडे बघत राहिला. माझ्या कामांना दोरा लागत नाही, म्हणाला.

पहिले काम असे, की माझे कणीस खाऊन होईपर्यंत तुझ्या हातावरचे सर्वांत लहान काम उरकायचे. सुरंगी दोरे चाचपू लागली. हे लहान म्हणावे तर ते तातडीचे, ते तातडीचे म्हणावे तर हे मानाचे. "निम्मे संपले," साळुंकी म्हणाली. तेव्हा तिला आत्याबाईंचा निरोप सापडला. रानातल्या जुन्या वडाला सांगायचे होते, यंदा मी पूजेला येणार नाही. वर्षभर तो दोरा तिला काचत होता, आणि आज सकाळी ती त्याच वडाखालून आली होती. ती धावत गेली, निरोप सांगितला. वड म्हणाला, "बरं." दोरा गळून पडला. तिला हसू आले आणि स्वतःचा रागही आला.

दुसरे काम, झाडाची सावली समोरच्या खडकाला लागेपर्यंत नुसते बसायचे, हाताकडे न बघता. हे अवघड होते. ती पुन्हा पुन्हा उठे, साळुंकी चोच मारून तिला बसवी. शेवटी तिला झोप लागली. जागी झाली तेव्हा तिची बोटे पुन्हा मांसाची झाली होती.

तिसरे काम, प्रत्येक दोरा ओढून बघायचा. सुरंगीला वाटे, दोरा गाठीशी संपतो. पण ओढल्यावर दुसरे टोक डोंगरावरून थेट राजवाड्याकडे जाताना दिसले, आणि दोरा बोलू लागला. जपमाळांचा दोरा राजगुरूंच्या लहानपणच्या कोवळ्या आवाजात म्हणाला, "ओवीन उद्या." कोठाराचा दोरा प्रधानांच्या आवाजात म्हणाला, "बघू उद्या." ज्यांनी दोरे बांधले, त्यांनीच ती कामे कधीकाळी टाळली होती. फक्त हत्तींच्या औषधांचा दोरा गप्प होता. ते काम तिचे स्वतःचे होते, आणि तिला आवडतही होते.

दोरे गुंडाळीत ती चौकात परतली. आईच्या दगडी मनगटावरून एक काळा दोरा निघून आजोबामहाराजांच्या अस्तनीत शिरत होता. सुरंगीने तो ओढला. तरुण आवाज आला, "तळघरातल्या नागाचा खजिना मी लुटला. त्याची क्षमा मागेन. उद्या."

मग तिला सारे उमगले. आई रोज तळघरात उतरताना तिने पाहिले होते; हंसावती त्या नागापुढे क्षमा मागायला जात असे. नाग विचारी, चोर कोण? सासऱ्याचे नाव तिच्या तोंडून निघत नसे, काम पुरे होत नसे, आणि दगड चढत गेला.

आजोबामहाराज पुढे आले. त्यांनी पुतळ्याच्या मनगटावरची गाठ सोडली. "हात पुढे कर, पोरी. आईचे राहिलेले काम लेकीने करावे."

"हे आईचे नाही. तुमचे आहे."

"उलट उत्तर?" प्रधान म्हणाले. राजगुरूंनी नियमाची आठवण दिली.

"नियम मला पाठ आहे," सुरंगी म्हणाली. "माझे काम मी करीन. तुमचे करणार नाही. हात पुढे करणार नाही."

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. काळा दोरा हवेत लोंबकळला, त्याला जायला जागा उरली नाही, आणि तो वळून आजोबामहाराजांच्या मनगटावर बसला. हत्तींच्या औषधांचा सोडून सुरंगीच्या हातावरचे बाकीचे दोरे सुटले आणि आपापल्या धन्याकडे गेले. राज्यभर पुतळ्यांचे हात खाली आले. हंसावतीने मान वर केली, हार काढून बाजूला ठेवला, लेकीकडे पाट मागितला आणि ती बसली.

तळघरातून नागाने विचारले, "चोर कोण?"

आजोबामहाराजांनी राजगुरूंकडे पाहिले. राजगुरूंनी प्रधानांकडे. प्रधान आपल्या मनगटाकडे बघत होते.