काचेतला मोर

फार फार वर्षांपूर्वी एक राज्य होतं. किती वर्षांपूर्वी, ते विचारू नका. राजे होते, हत्ती होते, मुंग्यांना बोलता येत होतं आणि कॉम्प्युटरही होते. आता तुम्ही म्हणाल, राजांच्या काळात कॉम्प्युटर कुठून आले? अहो, गोष्ट माझी आहे. ज्याला पटत नसेल त्याने शेजारच्या घरी जाऊन ऐकावी. तिथल्या गोष्टीत म्हणे सिंह उपास धरतो.

तर त्या राज्यात नदीकाठी विणकरांचं एक गाव होतं. घराघरात माग. गाव शालू विणायचं, पण त्याचा खरा तोरा होता रफूचा. फाटलेलं कापड असं सांधायचे की फाटलं कुठे होतं, ते मालकालाही सापडू नये. त्यातूनच गावात एक रीत पडली होती. तीन जाणत्यांचे हात फिरल्याशिवाय कुठलीही वस्तू टाकायची नाही, मग ती चाळणी असो की छत्री.

या गावात सगुणा नावाची विणकरीण राहत होती. घरात तिचे म्हातारे वडील होते, त्यांना सगळे आबा म्हणत. आबांसारखी नक्षी काढणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. म्हणून तर राणीसाहेबांनी गावाला दिलेला एकुलता एक कॉम्प्युटर त्यांच्या घरी ठेवला होता. वर टेबलावर मॉनिटर, मागे हे एवढं कुबड असलेला. टेबलाखाली एक पत्र्याची पेटी. त्या पेटीचं काय काम, ते कुणाला नीटसं ठाऊक नव्हतं. आबा तिच्यावर पाय ठेवून बसत आणि सगुणाची आत्या, धुरपदाआत्या, तिच्यावर आपली रफूची टोपली ठेवत असे.

मॉनिटर नवा होता तेव्हा आबांनी एक मोर काढला होता. मान वळवून मागे बघणारा मोर. राजकन्या तेव्हा पाळण्यात होती. राणीसाहेबांनी मोर पाहिला आणि म्हणाल्या, “आबा, हा कुणाला देऊ नका. माझ्या लेकीच्या लग्नात शालूच्या पदरावर उतरवा.”

तेव्हापासून तो मोर कुणी विणला नाही. काचेत बघायचा आणि खूश व्हायचं. वर्षं गेली. काच मंद झाली, आबांचे हात थरथरू लागले, बोटांत कुंचलाही ठरेना. पाळण्यातली राजकन्या लग्नाची झाली. सगुणाने शालू विणायला घेतला. अंग झालं, काठ झाले, पदर तेवढा राहिला. आणि ज्या सकाळी पदराला सुरुवात करायची, नेमका त्याच सकाळी मॉनिटर गेला.

गेला म्हणजे गेलाच. बटण दाबलं, काळा. वायर काढून पुन्हा बसवली, काळा. आत्याने हळदकुंकू वाहिलं, तरी काळाच.

सगुणाला रडू फुटलं. शालूचं सोडा, दुसरी नक्षी घालून तो पुरा करता आला असता. पण आबांचा मोर त्या काचेत होता. आबा आता दुसरा मोर काढणार नव्हते. काच गेली म्हणजे मोर गेला, आणि मोर गेला म्हणजे आबांच्या हाताचं सगळ्यांत सुंदर काम गेलं.

“रडतेस काय,” आत्या म्हणाली. “रफूवाल्यांचं गाव आपलं. तीन हात फिरू देत, काच उठून बसेल.”

पहिला हात कासाराचा. त्याने मॉनिटर चारी बाजूंनी वाजवून पाहिला आणि सांगितलं, “आवाज चांगला आहे. फुटलेला नाही.” दुसरा हात वैद्यबुवांचा. त्यांनी वायर दोन बोटांत धरली, डोळे मिटले, बराच वेळ मान हलवली आणि सुंठ सुचवली. आबा कोपऱ्यात बसून खो खो हसत होते. सगुणा मात्र हसली नाही. सुंठ कुठे लावायची, हे तिने खरोखरच विचारलं.

तिसरा हात घड्याळजीचा. तो जाणता माणूस होता. त्याने कुबड उघडलं, आतला एक जळका तुकडा काढून दुसरा बसवला, बटण दाबलं. आणि काय सांगू, काच उजळली. मोराची मान दिसली, तुरा दिसला. सगुणाने दोन्ही हात जोडले. तेवढ्यात आत फट् झालं आणि काच पुन्हा काळी झाली.

घड्याळजीने दुसरा तुकडा बदलला, तर तिसरा गेला. तिसरा सांधला, तर चौथ्यातून धूर निघाला.

“सगुणाताई,” तो घाम पुसत म्हणाला, “मी उद्याही येईन, परवाही येईन. पण वचन देत नाही.”

“उद्याही या,” सगुणा म्हणाली.

तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. आत्या पदर खोचून उभी होती. या गावातून वस्तू टाकून दिल्याची बातमी बाहेर गेली तर नाक कापलं जाईल, असं तिचं म्हणणं. इकडे माग गप्प पडलेला आणि लग्न येऊन ठेपलेलं.

अशात एका दुपारी राजवाड्याचा हरकारा बैलगाडी घेऊन दारात हजर झाला. पदर अडल्याचं राणीसाहेबांच्या कानावर गेलं होतं. गाडीत गवतात गुंडाळलेला नवा कोरा मॉनिटर होता.

“उतरवा की मग,” आबा म्हणाले.

“तसं चालत नाही आबा,” हरकारा म्हणाला. “आधी जुना गाडीत चढणार, मग नवा उतरणार. वाड्याचा नियम आहे. मागे लोकांनी नवेही घेतले आणि जुनेही ठेवले, अडगळ झाली सगळीकडे. दिवस मावळायच्या आत मला नदी ओलांडायची आहे. तोवर काय ते सांगा.”

“जुना घेऊन जाऊन त्याचं करता काय?” सगुणाने विचारलं.

“मोडतो,” हरकारा म्हणाला आणि ओसरीवर आडवा झाला. लागलीच घोरूही लागला.

जेवणं झाली. आत्या लवंडली, आबांचा डोळा लागला. सगुणा मॉनिटरसमोर बसून राहिली आणि तिला रडू आलं. ती चांगली हुंदके देऊन रडली.

“हळू,” कुबडाच्या फटीतून आवाज आला. “घर माझं जातंय आणि रडतेयस तू.”

फटीतून एक म्हातारा कोळी बाहेर आला. अंगाला धूळ, चेहरा त्रासलेला. सगुणा दचकली नाही. सांगितलं ना, त्या काळी मुंग्यासुद्धा बोलायच्या.

“कोळीदादा, तुम्ही आत राहता?” तिने डोळे पुसत विचारलं. “मग माझ्या आबांचा मोर तुम्ही पाहिला असेल. बरा आहे ना तो?”

कोळ्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं. “कुठला मोर? बाई, जन्म गेला माझा या कुबडात. कानाकोपरा पायाखालचा आहे. आत धूळ आहे, तारा आहेत, माझ्या दोन मेलेल्या माश्या आहेत. मोर नाही, मोराचं पीसही नाही.”

“नाही कसा? रोज दिसायचा काचेत.”

“तुझ्या खिडकीत रोज डोंगर दिसतो. खिडकी मोडली तर डोंगर पडतो का?”

सगुणाने वळून खिडकीबाहेरच्या डोंगराकडे पाहिलं. मग तिने हळूच विचारलं, “तुम्हीच सांगा मग. मोर आहे कुठे?”

“ते मी पाहिलेलं नाही, त्यामुळे छातीठोक सांगणार नाही,” कोळी म्हणाला. “पण आमचं सगळं ज्ञान धाग्याचं. धाग्यावर पाय ठेवला की थरथर कुठून येते, ते कळतं. ही जाड वायर आहे ना, टेबलाखाली जाणारी? आबा काम करायचे तेव्हा मी तिच्यावर बसायचो. थरथर नेहमी खालून वर यायची. पेटीकडून काचेकडे.”

सगुणाने टेबलाखाली वाकून पाहिलं. पेटी होती, पेटीवर आत्याची टोपली होती, टोपलीत मनीमाऊ झोपली होती. तिने वायरवरून हात फिरवला. धागा एका टोकाला दिसतो, पण येतो सुताच्या कांडीतून, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. कापडाकडे बघून कांडी विसरणारी विणकरीण तिने आजवर पाहिली नव्हती. आज पाहिली.

“पण नसला तर?” ती म्हणाली. “काच मोडली आणि पेटीत मोर नसला तर?”

“तर मोठंच नुकसान,” कोळी म्हणाला. “ते मी नाकारत नाही. पण मला एक सांग. कुणी फाटका शालू आणला तर रफू करायचं की नाही, ते तू कसं ठरवतेस?”

हे विचारल्यावर सगुणा जरा सावरून बसली. कामाचं बोलणं निघालं की तिचं रडं थांबायचं. “भोकाकडे बघत नाही मी,” ती म्हणाली. “भोकाच्या भोवतालचं कापड चिमटीत धरून ओढते. ते शाबूत असेल तर केवढंही भोक सांधता येतं. पण कापडच विरलेलं असेल तर सुई लावू नये. इथे टाका घातला की शेजारी उसवतं, तिथे घातला की...”

ती बोलता बोलता थांबली. घड्याळजीचे तुकडे तिच्या डोळ्यांपुढे आले. एक बदलला की दुसरा जातो, दुसरा बदलला की तिसरा.

“विरलंय हे,” ती हलक्या आवाजात म्हणाली.

 कोळ्याने फटीतून आपल्या दोन माश्या ओढून बाहेर काढल्या आणि बांधाबांध सुरू केली.

सगुणाने हरकाऱ्याला उठवलं. आत्या जागी झाली आणि दारात आडवी उभी राहिली. “आपल्या गावातून वस्तू टाकायची? लोक काय म्हणतील?”

“आत्या, विरलेल्या लुगड्याला तू कधी रफू केलंस का?”

“मी कशाला करीन? मूर्ख आहे का मी?” आत्या म्हणाली आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन बाजूला झाली.

सगुणाने जुना मॉनिटर स्वतः उचलून गाडीत ठेवला.  शहाणपण सुचलं म्हणून भीती जाते थोडीच. गवत तिने नीट सारखं केलं, जणू मोडायच्या वस्तूला वाटेत धक्का लागू नये.

मग नवा उतरला. सपाट, पातळ. हरकाऱ्याने टेबलाखाली शिरून मनीमाऊला हाकललं, टोपली बाजूला केली आणि वायर पेटीत खोचली. बटण दाबलं.

काच उजळली आणि मोर आला. अख्खा, मान वळवून बघणारा, तुऱ्यापासून नखापर्यंत. आत्याने टाळी वाजवली. सगुणा आनंदाने हसायलाच लागली.

हसता हसता ती पुढे झुकली. नवी काच स्वच्छ होती. मंद काचेत कधी न दिसलेलं काहीतरी पिसाऱ्यात दिसत होतं. प्रत्येक पिसाच्या डोळ्यात एकेक बारकी मुलगी होती. दोन वेण्यांची, परकर पोलक्यातली. एकात धावणारी, एकात झोके घेणारी, एकात आबांच्या मागाखाली लपलेली. आणि मोराची वळलेली मान तिच्याचकडे होती.

“आबा,” सगुणा म्हणाली, “ही कोण?”

“तू,” आबा म्हणाले. “मी मागावर बसलो की तू मागे दंगा करायचीस. सारखं मागे वळून बघायला लागायचं मला. तसाच मोर आला.”

“इतकी वर्षं बोलला नाहीत?”

“मला वाटायचं, तुला दिसतंय. काच कधी आंधळी झाली, ते मला तरी कुठे कळलं?”

सगुणाने आबांच्या मांडीवर डोकं ठेवलं. पुन्हा रडली, पण या रडण्याला आत्याने अडवलं नाही. आत्याचंही तेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी माग वाजू लागला. लग्नात म्हणे लोक नवरीपेक्षा पदराकडेच जास्त बघत होते, आणि नवरी स्वतःही. कोळीदादाने नवा मॉनिटर मागून पुढून तपासला, “या पापडात राहायचं कसं?” म्हणून नाक मुरडलं आणि खिडकीत जाळं विणलं. तिथून डोंगर दिसतो, एवढं त्याने कबूल केलं.

गावाची रीत काही मोडली नाही. आजही तिथे तीन हात फिरल्याशिवाय वस्तू टाकत नाहीत. फक्त आता पहिला हात लावणारा आधी मालकाला विचारतो, “यातलं तुला काय जपायचंय आणि ते आहे कुठे?” आत्या पेटीवर टोपली ठेवत नाही. आबा मात्र अजूनही पाय ठेवतात, पण आधी पाया पडून.

आणि तुमच्या माझ्यासाठी बोध एवढाच: दुरुस्त करावं की बदलावं हे ठरवण्याआधी, आपल्याला जे जपायचं आहे ते नेमकं कुठे आहे, ते पाहावं.