मोठीबाईची मूठ

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की त्या गावाला जायच्या वाटेवर आता झाडं वाढली आहेत, आणि ज्यांनी ती वाट तुडवली त्यांची नावंही कुणाला आठवत नाहीत. तेव्हा लहानांनो, नीट मांडी घालून बसा. आणि मोठ्यांनो, तुम्हीही टेका जरा, तुमच्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

दोन डोंगरांच्या मध्ये ते गाव होतं. तिथली माणसं प्रभू येशूला मानणारी. गावाच्या टोकाला दगडी भिंतींचं आणि गवती छपराचं एक प्रार्थनामंदिर होतं. दर रविवारी सगळे तिथं जमत, गाणी गात, आणि मग पाळकबाबा भाकर मोडून ज्याच्या त्याच्या हातावर तुकडा ठेवत. मरणाच्या आदल्या रात्री प्रभूनं आपल्या शिष्यांना अशीच भाकर मोडून दिली होती, त्याची ती आठवण.

या भाकरीची गावात एक रीत होती. शनिवारी दुपारी प्रत्येक घरातून मूठभर जोंधळे यायचे. कुणाचे पांढरे, कुणाचे पिवळसर, कुणाचे किडके निवडून उरलेले. ते सगळे एका सुपात पडायचे आणि एका जात्यात दळले जायचे. रविवारी सकाळी त्या पिठाची परातीएवढी एकच भाकर व्हायची. आता जोंधळ्याची एवढी मोठी भाकर न मोडता तव्यावर टाकणं म्हणजे काय चीज आहे, ते ज्यांनी भाकरी थापल्यात त्यांना विचारा. साऱ्या गावात ते एकीलाच जमायचं. तिला सगळे मोठीबाई म्हणत.

काय ते शनिवार होते! मोठीबाईच्या ओसरीवर बायकांची ही गर्दी. कुणी सूप पाखडतंय, कुणी जात्याचा खुंटा धरून बसलंय, कुणी नुसतीच कुचाळक्या करायला आलेली. पोरं पिठानं पांढरी होऊन हिंडायची. मोठीबाई मधोमध बसून सगळ्यांवर डाफरायची आणि सगळ्यांना गूळ द्यायची. रविवारी डोक्यावर भाकरीची परात घेऊन ती निघाली, की म्हातारे कोतारेसुद्धा वाटेतून बाजूला सरत. तिला ते आवडायचं. का आवडू नये? हात तिचे होते, कष्ट तिचे होते.

पण या गोड रीतीला एक काटा होता. ज्याच्या घरची मूठ आली नाही, त्यानं रविवारी हात पुढं करायचा नाही, असं गावानं धरून ठेवलं होतं. ही अट कुणी घातली, कधी घातली, कुणाला सांगता आलं नसतं. प्रभूनं तर घातलीच नव्हती. पण देवाच्या दारी रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही, असं कुणाला तरी वाटलं, आणि बरं दिसत नाही म्हणून सुरू झालेल्या गोष्टी लवकर सुटत नाहीत. पाळकबाबा भला माणूस, पण त्यांनाही तो काटा कधी टोचला नाही.

एका वर्षी पावसानं दगा दिला. डोंगराच्या पायथ्याशी एक मोळीविकी एकटीच राहायची. ती शनिवारी मोठीबाईच्या दाराशी येऊन उभी राहिली. पदर चाचपत म्हणाली की या खेपेला मूठभर जोंधळेही जमले नाहीत. मोठीबाई तिच्यावर रागावली नाही हो. अगदी समजुतीनं म्हणाली, "असू दे. पुढच्या वेळी भरल्या हातानं ये." मोळीविकी मान हलवून गेली. मोठीबाई संध्याकाळपर्यंत ते विसरूनही गेली.

त्यानंतर काही वर्षांनी मोठीबाईचे सांधे धरले. आधी सकाळी बोटं नुसती ठणकायची. मग जात्याचा खुंटा हातात बसेना. वैद्यानं निर्गुडीचा शेक दिला, लेप दिले, पथ्य सांगितलं. बोटं मात्र आत वळत गेली ती वळतच गेली, आणि शेवटी दोन्ही हातांच्या मुठी मिटल्या त्या उघडेनात. मग गुडघे गेले. त्याच दुखण्यात असताना नदीनं शेत खरवडून नेलं, आणि त्या धक्क्यातून नवरा उठला नाही. संकटं यायला लागली की कशी दार न वाजवता आत येतात, पाहा.

मोठीबाईनं प्रार्थना केली नाही असं नाही. आधी तिनं विनवलं. मग सौदा केला, की माझे हात परत दे, रोज तुझ्यासाठी दळीन. मग भांडली. इतकी वर्षं तुझ्या मेजावर भाकर घातली, त्याचं हे फळ का, असं रडून रडून विचारलं. उत्तर आलं नाही, तेव्हा तिनं प्रार्थनाच सोडली. ज्या देवासाठी आपण एवढं केलं त्यानं आपल्याला टाकलं, हे दुःख तिला सांध्यांच्या दुखण्याहून जास्त होतं.

तिच्याजवळ राहायला तिची थोरली विधवा नणंद आली. वन्संचं मन सोन्याचं होतं, पण हाताला चव नव्हती. भाकर एकीकडून कच्ची, दुसरीकडून कोळसा. गावातली सर्वांत सुगरण बाई आणि तिच्या नशिबी ही भाकर! वन्सं घास करून तोंडाशी न्यायच्या आणि मोठीबाई तोंड फिरवायची.

"वन्सं, ही भाकर आहे की तव्याचं झाकण?" ती म्हणायची.

"झाकण तर झाकण. तोंड उघड आधी," वन्सं म्हणायच्या, आणि घास आत ढकलायच्या.

असे दिवस गेले, वर्षं गेली. शनिवार आला की मोठीबाई कासावीस व्हायची. आता बायका आळीपाळीनं लहान लहान भाकरी करत. तिची ओसरी सुनी पडली होती. रविवारी वाऱ्याबरोबर गाण्याचे सूर येत, आणि पडल्या पडल्या तिला सगळं दिसायचं. पिठानं माखलेली पोरं, जात्यावर वाकलेल्या पाठी, आपल्या डोक्यावरची परात. त्या भाकरीच्या एका तुकड्यासाठी तिचा जीव तुटायचा. आणि तरीही पाळकबाबा तो तुकडा फडक्यात बांधून घरी घेऊन आले, की ती म्हणायची, "माझी मूठ त्यात नाही. कुठल्या तोंडानं घेऊ?"

वन्सं म्हणाल्या, मी टाकते तुझ्या नावानं. तर म्हणे, ते जोंधळे तुमचे, माझे नव्हेत. बाबांना वाद घालता येत नसे. ते फडकं तसंच घेऊन परत जात आणि पुढच्या रविवारी पुन्हा येत. मोठीबाई दिवसेंदिवस खंगत चालली होती. हा तुकडा न घेताच ही जाणार की काय, याची बाबांना धास्ती लागली होती. खरं सांगायचं तर तिलाही लागली होती.

एका थंडीत वन्संनाच ताप भरला. त्या अंथरुणावरून उठेनात. घरात चूल पेटली नाही. मोठीबाई भुकेली पडून राहिली, आणि वन्संना पाणीसुद्धा देता येत नाही म्हणून आपल्या मिटलेल्या मुठींकडे पाहत रडत राहिली. उन्हं वर आली तेव्हा दाराशी मोळी पडल्याचा आवाज झाला. मोळीविकी लाकडं द्यायला आली होती.

तिनं आत डोकावलं आणि काही न विचारता चूल पेटवली. घरात पीठ कुठं आहे हे शोधायच्या भानगडीत पडली नाही, आपल्याच कनवटीला बांधलेल्या, आदल्या दिवशीच्या मोळीबद्दल मिळालेल्या कण्या काढून शिजवल्या. आधी वन्संना पाजल्या, मग मोठीबाईला भरवल्या. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. वन्संचा ताप उतरेपर्यंत रोज येत राहिली.

एकदा भरवून घेता घेता मोठीबाईनं सहज विचारलं, की रविवारी मंदिरात येतेस का गं, तुला तिथं पाहिल्याचं मला काही आठवत नाही.

"बाहेर पायरीवर बसते ना. गाणी ऐकते. भाकर मोडायची वेळ झाली की उठते आणि घरी जाते."

"घरी का?"

"रोजचं रोज संपतं, मूठभर जोंधळे कधी साठतच नाहीत, बाई. तुम्हीच सांगितलं होतं, भरल्या हातानं ये म्हणून."

बोलण्यात राग नव्हता. एखाद्याला वाट सांगावी तसं तिनं सांगितलं, आणि पुढचा घास कालवायला घेतला. मोठीबाईच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. इतकी वर्षं ही बाई भुकेली घरी जात होती आणि तिला हाकललं होतं आपण. आणि ज्यांच्यात आपली एक मूठही नव्हती अशा या बाईच्या कण्या आपण किती दिवस मुकाट्यानं खातोय! हिनं विचारलं का, तुझी मूठ कुठं म्हणून? वन्संनी विचारलं का कधी?

त्या दुपारी मोठीबाईनं पुष्कळ वर्षांनी प्रार्थना केली. हात मागितले नाहीत, शेत मागितलं नाही. एवढंच म्हणाली, "प्रभू, माझ्याकडं काही नाही. मला तू हवा आहेस." आणि तिला ढसाढसा रडू आलं. तिला कळलं, की आयुष्यभर आपण प्रभूच्या घरात स्वयंपाकीण म्हणून वावरलो, पानावर कधी बसलोच नाही. तो वाढायला उभा होता, आणि आपण आपली परात मिरवत होतो. देवानं आपल्याला टाकलं म्हणून ती रुसली होती, आणि तो तर रोज जळक्या भाकरीतून आणि मोळीविकीच्या कण्यांतून तिच्या उशाशी येत होता. सांधे ठणकतच होते. पण मनातली अढी गेली, आणि तिला फार दिवसांनी हलकं वाटलं.

रविवारी तिनं चार माणसांना सांगून आपली बाज उचलायला लावली. मोळीविकी पायरीवर नेहमीच्या जागी बसली होती. मोठीबाईनं बाज तिथंच थांबवली.

"आत चल," ती म्हणाली. "तू आली नाहीस तर मीही जायची नाही."

मोळीविकी कावरीबावरी झाली, नको नको म्हणाली. पण मोठीबाईचा हट्ट साऱ्या गावाला ठाऊक होता. दोघी आत गेल्या. मंदिरात कुजबुज झाली आणि थांबली. वर्षानुवर्षं न दिसलेली मोठीबाई, वाळून काटकी झालेली, आणि तिच्याशेजारी अंग चोरून उभी राहिलेली मोळीविकी. बाबांनी भाकर हातात घेतली, तेव्हा मोठीबाई बाजेवरूनच बोलली.

"बाबा, माझ्या घरची मूठ आलेली नाही. हिच्याही घरची नाही. आम्हांला भूक मात्र आहे."

बाबांनी हातातल्या भाकरीकडे पाहिलं. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्या रात्री भाकर देताना प्रभूनं शिष्यांना, काय आणलंत, असं विचारलं होतं का? नाही. मी रोज वाचतो आणि मलाच हे दिसलं नाही."

त्यांनी पहिला तुकडा मोळीविकीच्या तळहातावर ठेवला. मग ते मोठीबाईजवळ आले. तिनं हात पुढं केला, पण मूठ काही उघडेना. तिनं जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, तरी एक बोटसुद्धा हललं नाही. ज्या हातानं तिनं साऱ्या गावाला दिलं होतं, त्या हाताला आता घेताही येत नव्हतं. तेव्हा तिनं हात खाली ठेवला आणि लहान लेकरासारखं तोंड उघडलं. बाबांनी तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. भाकर एका कडेनं करपलेली होती. मोठीबाई ती डोळे मिटून चघळत राहिली, आणि मंदिरात कुणाचेही डोळे कोरडे राहिले नाहीत.

मोठीबाई बरी झाली नाही. ती आणखी काही सुग्या जगली, बाजेवरच. पण वन्संच्या भाकरीला नावं ठेवायचं तिनं सोडलं, आणि तिच्या ओसरीवर पुन्हा गर्दी होऊ लागली, कारण दुःखात असलेली माणसं तिच्याजवळ येऊन बसत. ती गेली, तेव्हा मोळीविकीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

गावानं रीत मोडली नाही, फक्त उलटी केली. आता आधी सगळे भाकर घेत, आणि मग बाहेर पडताना ज्याला जसं जमेल तसं तो सुपात टाकी. कुणाला जमलं नाही तर कुणी पाहतही नसे. आणि गंमत बघा, पूर्वी शनिवारी सूप जेमतेम भरायचं, ते आता ओसंडून वाहू लागलं, उरलेले जोंधळे अडल्यानडल्या घरी जाऊ लागले, आणि दुष्काळाच्या वर्षीही त्या गावात कुणाची चूल विझलेली राहिली नाही. ते गाव आज उरलं नाही, ते सूपही नाही, पण ती माणसं आठवली की अजून मन भरून येतं.

म्हणून ध्यानात ठेवा: प्रभूची कृपा काही देऊन मिळत नाही, ती आधी रिकाम्या हातानं घ्यावी लागते, आणि ज्यानं ती घेतली त्याचा हात देताना आखडत नाही.